फिल्म पुश-पुल करताना पडणारे प्रश्न

संध्याकाळ झाली आहे, कॅमेऱ्यात ४००चा रोल आहे, आणि सोबतचं कुणीतरी सांगतं, "१६००ला पुश कर की." बहुतेकांची सुरुवात इथूनच होते, माझीही झाली. गेली काही वर्षं मी कृष्णधवल रोल घरीच धुतो, आणि फिल्मकडे नव्याने वळलेले मित्र मला तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः कृष्णधवल निगेटिव्हला धरून आहेत. रंगीत निगेटिव्ह आणि स्लाइडचं गणित वेगळं असल्यामुळे त्यांच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

पुश आणि पुल म्हणजे नेमकं काय?

पुश दोन टप्प्यांत होतो. पहिला कॅमेऱ्यात: प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फिल्मच्या डबीवर छापलेल्या आयएसओपेक्षा (म्हणजे फिल्मच्या वेगापेक्षा, ती प्रकाशाला किती लवकर दाद देते त्या आकड्यापेक्षा) मोठा आकडा सांगायचा, म्हणजे फिल्मला जाणूनबुजून कमी प्रकाश द्यायचा. दुसरा टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या बंद डब्यात: तोच रोल डेव्हलपर या रसायनात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवायचा, म्हणजे डेव्हलप करायचा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. ४००ची फिल्म ८००ला वापरली तर एक स्टॉपचा पुश, १६००ला दोन, ३२००ला तीन.

पुल याच्या उलट. ४००ची फिल्म २००ला किंवा १००ला वापरायची, तिला जास्त प्रकाश द्यायचा आणि डेव्हलपरमधला वेळ कमी करायचा.

मीटरवर आपण ठेवतो त्या आकड्याला एक्स्पोजर इंडेक्स, थोडक्यात ईआय, म्हणतात. आयएसओ हा फिल्मचा मोजून ठरवलेला गुण, ईआय हा आपण घेतलेला निर्णय. बोलताना सगळे दोन्हींना आयएसओच म्हणतात. पण हा भेद डोक्यात पक्का असला की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

म्हणजे पुश केल्याने फिल्मचा वेग वाढतो ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे असंख्य सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाश पडला की स्फटिकात मोकळे झालेले इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनांना धरतात आणि चांदीच्या काही अणूंचा एक बारीक पुंजका तयार होतो. याच पुंजक्यांना सुप्त प्रतिमा म्हणतात. गर्नी आणि मॉट यांनी १९३८मध्ये ही प्रक्रिया मांडली. पुंजका साधारण चार अणूंचा झाला की तो स्फटिक डेव्हलप होण्याजोगा होतो, आणि डेव्हलपर त्या संपूर्ण स्फटिकाची काळी चांदी करून टाकतो. पुंजका त्याहून लहान राहिला, तर डेव्हलपरच्या लेखी त्या स्फटिकावर प्रकाश पडलाच नाही.

आता कमी प्रकाश दिलेल्या फ्रेमचा विचार करा. दृश्यातल्या गडद सावल्यांमध्ये बहुतेक स्फटिकांना तो उंबरठा ओलांडता आलेला नसतो. अशा ठिकाणी टँकमध्ये आणखी दहा मिनिटं घालवली तरी डेव्हलपरने काळं करायचं काय? काठावरचे थोडे स्फटिक पुढे येतात, त्यांच्यासोबत प्रकाश न पडलेले काही स्फटिकही काळे होतात, आणि सगळ्या फिल्मवर एक सरसकट करडा थर चढतो. त्याला फॉग म्हणतात. मधल्या आणि उजळ भागांत मात्र डेव्हलप होण्याजोगे स्फटिक भरपूर असतात, त्यामुळे जास्त वेळ दिला की तिथली घनता झपाट्याने वाढते.

थोडक्यात, सावल्या जवळपास जागच्या जागी राहतात आणि उजळ भाग वर सरकतात. आपल्याला "वेग वाढला" असं वाटतं ते याचमुळे: चेहरा, शर्ट, दिवा हे पुन्हा छापण्याजोगे होतात. पण काळ्या कोटातल्या घड्या गेलेल्या असतात, आणि त्या कुठल्याही रसायनाने परत येत नाहीत.

आयएसओ कसा मोजतात हे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. कृष्णधवल निगेटिव्हचा वेग ठरवताना फिल्मचा पाया आणि फॉग यांच्यावर ०.१० इतकी घनता यायला किती प्रकाश लागतो ते पाहतात. म्हणजे वेगाचं मोजमाप होतं तेच सावलीच्या बिंदूवर. तिथे पुशचा परिणाम नगण्य असतो. फिनिडोन हे रसायन असलेल्या काही डेव्हलपरांनी खरा वेग थोडा वाढतो, पण तो एका पूर्ण स्टॉपच्याही आतलाच.

मग पुश करायचाच कशाला?

कारण हललेला फोटो दुरुस्त होत नाही, आणि काळी झालेली सावली पुष्कळदा चालून जाते.

समजा मंद उजेडाची खोली आहे. एफ/२ वर १०० आयएसओला १/८ सेकंद लागतो. ४००ला १/३० होईल, १६००ला १/१२५. बोलणारा माणूस १/३०ला बहुतेक वेळा हलतोच. १/१२५ला तो नीट येतो. इथे दोन स्टॉपच्या सावल्या देऊन तुम्ही त्याची नजर आणि हाताची हालचाल मिळवता. हा सौदा मला नेहमीच मान्य असतो. अट एवढीच, की आपण काय देतो आहोत हे शटर दाबण्याआधी माहीत असावं.

दुसरं कारण कॉन्ट्रास्टचं आहे. ढगाळ दिवस, धुकं, एकसारखा सपाट उजेड अशा वेळी दृश्यातला सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग यांच्यात मुळातच अंतर कमी असतं. एक स्टॉप पुशने निगेटिव्हला जोर येतो, आणि ज्या सावल्या गमवायच्या त्या दृश्यात नसतातच. धुक्यातली झाडं मी ४००ची फिल्म ८००ला ठेवून काढतो. प्रकाश कमी पडतो म्हणून तसं करत नाही. झाडांचे बुंधे नीट काळे हवे असतात म्हणून करतो.

किती स्टॉपपर्यंत जावं?

४००च्या पारंपरिक कृष्णधवल फिल्मला एक स्टॉप अगदी सहज जमतो. कोडॅक तर ट्राय-एक्स ४०० एक स्टॉप कमी प्रकाशात वापरून नेहमीच्याच वेळेत धुतली तरी चालेल असं सांगते. दोन स्टॉपला चित्राचा स्वभाव बदलतो: ग्रेन, म्हणजे चित्रातले दाणे, ठळक होतो, काळे गडद आणि रिकामे होतात. तीन स्टॉपला जे मिळतं ते रेखाटनाच्या जवळ जाणारं असतं. एचपी५ प्लस या ४००च्या फिल्मसाठी इल्फर्डने ३२००पर्यंतच्या वेळा दिल्या आहेत, म्हणजे तीन स्टॉप. त्यापुढे मी जात नाही.

१०० किंवा त्याहून कमी वेगाच्या फिल्म पुश करण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यांचा कॉन्ट्रास्ट मुळातच चढा असतो आणि दोन स्टॉपमध्ये तो हाताबाहेर जातो. ४०० हवं असेल तर ४००चा रोल भरा.

डेव्हलपिंगची वेळ किती वाढवायची?

आधी फिल्म बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता पाहा. उदाहरणादाखल तीन डेव्हलपरांसाठी एचपी५ प्लसचे इल्फर्डचे आकडे, मिनिटांत, २० अंश सेल्सियसला (१+४ म्हणजे एक भाग डेव्हलपर, चार भाग पाणी):

आयडी-११, पाणी न मिसळता: ४००ला साडेसात मिनिटं, ८००ला साडेदहा, १६००ला १४.

मायक्रोफेन, पाणी न मिसळता: ४००ला साडेसहा, ८००ला ८, १६००ला ११, ३२००ला १६.

डीडी-एक्स, १+४: ४००ला ९, ८००ला १०, १६००ला १३, ३२००ला २०.

आयडी-११च्या आकड्यांवरून एक अंदाज बांधता येतो: एका स्टॉपला वेळ साधारण १.४ पट, दोन स्टॉपला जवळपास दुप्पट. पण डीडी-एक्सकडे बघा, तिथे पहिल्या स्टॉपला एकच मिनिट वाढतं. म्हणून एका डेव्हलपरचा गुणक दुसऱ्याला लावू नका. तक्ता नसेल तेव्हाच अंदाजावर जा, आणि तेव्हाही आधी बिनमहत्त्वाच्या रोलवर.

तापमान वाढवून पुश करता येतो का?

येतो, कारण गरम डेव्हलपर जलद काम करतो. पण मी ते टाळतो. वेळ आणि तापमान दोन्ही एकदम बदलले की बिघडलं तर कशाने हे कळत नाही. डेव्हलपर २० अंशांवर आणणं शक्य नसेल तर २२ किंवा २४ला काम करा आणि त्या तापमानाची वेळ तक्त्यावरून काढा. महत्त्वाचं हे, की सुरुवातीला मोजलेलं तापमान शेवटापर्यंत टिकलं पाहिजे. पुशमध्ये टँक १४-१६ मिनिटं हातात असतो. तेवढ्यात तो तळहाताच्या उबेनेही तापतो. मी टँक पाण्याच्या बादलीत ठेवतो आणि हलवण्यापुरताच उचलतो.

टँक जास्त हलवला तर?

उजळ भाग आणखी वाढतील. ज्या भागात जास्त चांदी डेव्हलप होते तिथला डेव्हलपर लवकर थकतो. हलवल्याने तिथे ताजा पोचतो आणि काम पुन्हा जोरात सुरू होतं. सावल्यांतला डेव्हलपर फारसा खर्चच होत नाही, त्यामुळे त्यांना हलवण्याचा विशेष फायदा नाही. पुशमध्ये नेमकं उलट हवं असतं. नेहमीप्रमाणे दर मिनिटाला पहिले दहा सेकंद, हलक्या हाताने चार वेळा उलटंसुलटं करा आणि तीच लय शेवटपर्यंत ठेवा. वेळही वाढवायचा आणि टँकही घुसळत राहायचं, हे दिव्यांचे पांढरे गोळे होण्याचं सर्वांत सामान्य कारण आहे.

पुशसाठी कुठला डेव्हलपर चांगला?

मायक्रोफेन आणि डीडी-एक्स हे खास या कामात हुशार आहेत. दोन्ही सावल्या शक्य तेवढ्या राखतात. एक्सटॉलही चांगला. डी-७६ आणि आयडी-११ हे जवळजवळ एकच सूत्र. डी-७६ १९२७पासून वापरात आहे आणि दोन स्टॉपपर्यंत त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

रोडिनल फार जुना, १८९१पासूनचा. मंद वेगाच्या फिल्मवर तो मला मनापासून आवडतो. पण तो सावल्यांना हात देत नाही आणि ग्रेन टोकदार करतो, त्यामुळे पुशसाठी पहिली निवड म्हणून मी तो सुचवणार नाही. १+१०० प्रमाणात तासभर न हलवता ठेवण्याची पद्धत पुष्कळ जण पुशसाठी वापरतात. तिने उजळ भाग आवरले जातात हे खरं, पण स्प्रॉकेटच्या छिद्रांजवळ पट्टे उमटण्याचा धोका असतो.

परसेप्टॉलसारखे बारीक ग्रेनचे डेव्हलपर पुशला वापरू नका. ते वेग थोडा कमीच करतात. पुलसाठी मात्र ते उत्तम.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. डेव्हलपर खूप पातळ केला तर टँकमध्ये मूळ द्रावणच कमी पडतं. नेहमीच्या वेळेत ते कसंबसं पुरतं, पुशच्या लांबलेल्या वेळेत अर्ध्यावरच थकतं, आणि तुम्ही उरलेला वेळ पाणी हलवत बसता. पुशला आयडी-११सारखा डेव्हलपर पाणी न मिसळता किंवा फार तर १+१ घ्या.

मीटर कसं वाचायचं?

पुश बिघडतो तो बहुतेक वेळा इथे. लोक मिनिटा-सेकंदांवर वाद घालतात आणि मीटरवरचा आकडा डोळे झाकून मान्य करतात.

मीटर जे पाहतो ते मधल्या करड्या छटेवर नेऊन बसवतो. तुम्ही ४००ची फिल्म १६००ला ठेवता तेव्हा दृश्यातली प्रत्येक छटा निगेटिव्हवर दोन पायऱ्या खाली उतरते. ॲन्सल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास मांडलेल्या झोन सिस्टीमच्या (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना पायऱ्यांचे क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) भाषेत सांगायचं तर मधली छटा पाचव्या झोनवर आणि तपशील दिसणारी गडद सावली तिसऱ्यावर असते. दोन स्टॉप पुशमध्ये तिसऱ्यावरची सावली पहिल्यावर जाते, म्हणजे जवळजवळ शुद्ध काळी. पाचव्यावरची छटा तिसऱ्यावर पडते, आणि वाढीव डेव्हलपिंग तिला उचलून पुन्हा पाचव्याच्या आसपास आणतं. पहिल्यावर पडलेलीला उचलायला तिथे काही नसतं.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: या दृश्यात मला दिसलाच पाहिजे असा सर्वांत गडद भाग कुठला? तो मधल्या छटेच्या एखाद-दुसऱ्या स्टॉपपेक्षा खाली असेल तर पुशमध्ये तो जाणार. तो हवाच असेल तर पुश कमी करा, लेन्स आणखी उघडा किंवा माणसाला खिडकीकडे वळवा.

रंगमंचाचं उदाहरण घ्या. पडदा काळा, एका नटावर झोत. सरासरी मोजणारा मीटर त्या सगळ्या काळ्याला करडं करायला जातो आणि भलताच लांब शटर सांगतो. तो आकडा पाहून माणूस घाबरतो आणि तीन स्टॉप पुश करायला निघतो. खरं तर चेहऱ्यावर पुरेसा उजेड असतो. स्पॉट मीटरने किंवा जवळ जाऊन फक्त चेहरा मोजला, तर एक स्टॉप पुशने काम भागतं असं माझ्या अनेकदा लक्षात आलं आहे. मागचा पडदा काळाच दिसायला हवा.

याच्या उलट, चौकटीत उघडा दिवा किंवा खिडकी आली की मीटर फसून आणखी कमी प्रकाश सुचवतो. दोन स्टॉपचा पुश मग नकळत चार स्टॉपचा होतो. मंद उजेडात काढलेल्या ज्या निगेटिव्ह पूर्ण पारदर्शक निघतात, त्यांच्यातल्या पुष्कळ अशाच वाया गेलेल्या असतात.

अर्धा रोल ४००ला आणि अर्धा १६००ला काढला तर चालेल?

रोल एकच, त्यामुळे धुण्याची वेळही एकच. म्हणून पूर्ण रोल एकाच ईआयला काढावा. शीट फिल्ममध्ये ही अडचण नाही, तिथे प्रत्येक पान वेगळं धुता येतं.

तरीही असं झालंच असेल, तर जे फोटो जास्त महत्त्वाचे त्यांची वेळ घ्या. ठरवता येत नसेल तर ८००ची वेळ. ४००च्या फ्रेम जरा घट्ट होतील, १६००च्या जरा पातळ, पण दोन्हींतून काहीतरी हाती लागेल. इल्फर्डची एक्सपी२ सुपर इथे वेगळी आहे. ती रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत धुतली जाणारी कृष्णधवल फिल्म आहे, आणि एकाच रोलवर ५० ते ८००मध्ये कुठेही वापरून नेहमीच्या वेळेत धुता येते.

पुल कधी करावा?

जेव्हा दृश्य निगेटिव्हच्या आवाक्याबाहेर पसरलेलं असतं. भर दुपारचं ऊन, पांढरे कपडे, टोपीच्या सावलीतला चेहरा: इथे चेहऱ्यासाठी प्रकाश दिला तर कपडे जळतात, कपड्यांसाठी दिला तर चेहरा काळा. एक स्टॉप जास्त प्रकाश द्या म्हणजे चेहरा सावलीतून वर येईल, आणि डेव्हलपिंग २० ते ३० टक्के कमी करा म्हणजे कपडे आवरतील. "सावल्यांसाठी एक्स्पोजर, उजळ भागांसाठी डेव्हलपिंग" हे जुन्या छायाचित्रकारांचं सूत्र म्हणजे हेच.

पुलचं फारसं कौतुक होत नाही याचं मला वाईट वाटतं. पुशच्या चित्रात नाट्य असतं म्हणून ते लगेच डोळ्यांत भरतं. चांगल्या पुल केलेल्या निगेटिव्हची प्रिंट मात्र तासभर पाहत राहावी अशी असते: सावलीत पोत, पांढऱ्यात पोत, मधल्या करड्यांची लांबच लांब शिडी, आणि ग्रेन जवळजवळ नाहीच. उन्हात काम करणाऱ्याने पुशच्या आधी पुल शिकावा, असं मला वाटतं.

दोन खबरदाऱ्या. ढगाळ, सपाट उजेडात पुल केला तर निगेटिव्ह चिखलासारखी होते. आणि वेळ पाच मिनिटांच्या खाली येऊ देऊ नका. एवढ्या कमी वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचत नाही आणि आभाळात डाग दिसतात. वेळ कमी येत असेल तर डेव्हलपर पातळ करा म्हणजे ती आपोआप लांबेल.

मी रंगीत निगेटिव्ह नेहमी एक स्टॉप जास्त प्रकाश देऊन काढतो. हा पुल झाला का?

नाही. धुण्याची वेळ बदलली नाही तर तो नुसता जास्त प्रकाश. रंगीत निगेटिव्हला तो मानवतोही. लॅबला "पुल करा" असं सांगू नका, नेहमीसारखाच रोल धुवायला द्या.

रंगीत निगेटिव्ह पुश करता येते का?

येते. सी-४१मध्ये डेव्हलपरची ठरलेली वेळ ३ मिनिटं १५ सेकंद आणि तापमान ३७.८ अंश. एका स्टॉपला लॅब साधारण अर्धा मिनिट वाढवतात. पण इथे एकावर एक तीन थर आहेत: निळ्याला, हिरव्याला आणि लाल प्रकाशाला संवेदनशील. ही प्रक्रिया तिघांचा तोल ठरलेल्या वेळेला बरोबर जुळेल अशी आखलेली आहे. वेळ ताणली की तिघं सारख्या चालीने वाढत नाहीत. मग सावल्यांमध्ये एक रंग आणि उजळ भागात दुसरा अशी झाक येते, आणि ती एका फिल्टरने निघत नाही.

पिवळ्या बल्बच्या उजेडात हे जास्त जाणवतं. त्या उजेडात निळा प्रकाश मुळात थोडा, त्यामुळे निळ्याचा थर सगळ्यांत आधी उपाशी राहतो. एक स्टॉप ठीक, दोन स्टॉप अगदीच गरज असेल तर. ४००ची रंगीत निगेटिव्ह ८००ला काढून नेहमीसारखी धुतली तरी स्कॅनमध्ये सहसा बरी येते, त्यामुळे एका स्टॉपसाठी मी लॅबला पुश सांगतही नाही.

आणि स्लाइड?

स्लाइडवर पुश जास्त प्रामाणिक असतो. ई-६ प्रक्रियेत पहिला डेव्हलपर निगेटिव्ह प्रतिमा तयार करतो आणि जे उरतं त्याची रंगीत पॉझिटिव्ह होते. पुश-पुल फक्त या पहिल्या डेव्हलपरमध्ये होतो: नेहमीची वेळ ३८ अंशांना साधारण ६ मिनिटं, एका स्टॉप पुशला ८च्या आसपास. वेळ वाढवली की पूर्ण चित्र उजळतं. किंमत मोजावी लागते ती काळ्या रंगात, तो फिका पडतो, आणि कॉन्ट्रास्ट चढतो. एक स्टॉप पुश बहुतेक स्लाइड फिल्म सोसतात. पुल केला की रंग मलूल होतात, तो मी फक्त चूक सावरायला करेन.

३२००च्या म्हणून मिळणाऱ्या फिल्म खरोखर ३२००च्या असतात का?

डबीवर ३२०० असतं, पण मोजलेला वेग त्याहून बराच कमी. इल्फर्डची डेल्टा ३२०० आयएसओच्या मोजमापात १०००ची आहे. कोडॅकची टी-मॅक्स पी३२०० ८०० ते १०००च्या घरातली, आणि तिच्या नावातला "पी" पुशचाच आहे. या फिल्म मुद्दाम कमी कॉन्ट्रास्टच्या बनवलेल्या असतात, त्यामुळे डेव्हलपिंग वाढवलं तरी उजळ भाग लवकर फुटत नाहीत. खऱ्या काळोखात काम असेल तर ४००ची फिल्म तीन स्टॉप ताणण्यापेक्षा या जास्त सावली देतात.

जाता जाता: छापील आकडे कधीकधी मोजण्याची रीत बदलल्यानेही बदलतात. ट्राय-एक्स १९५४मध्ये ३५ मिलिमीटरमध्ये आली तेव्हा तिच्यावर २०० लिहिलेलं असे. १९६०मध्ये अमेरिकी मानकातली सुरक्षिततेसाठी ठेवलेली जादा प्रकाशाची सवलत काढून टाकली, आणि कृष्णधवल फिल्मचे आकडे साधारण दुप्पट झाले. तेव्हापासून ती ४००ची.

रोल संपल्यावर कळलं की आयएसओ चुकीचा लावला होता. आता काय?

१००ची फिल्म ४००ला काढली गेली असेल तर दोन स्टॉप पुश करा, दुसरा इलाज नाही. ४००ची कृष्णधवल किंवा रंगीत निगेटिव्ह १००ला काढली गेली असेल तर निश्चिंत राहा. दोन स्टॉप जास्त प्रकाश ती पचवते. कृष्णधवलला वाटल्यास वेळ थोडी कमी करा. स्लाइड असेल तर ताबडतोब लॅबशी बोला.

मुदत उलटून गेलेला रोल पुश केला तर सुधारेल का?

उलट बिघडेल. जुन्या फिल्मवर वर्षागणिक फॉग साचतो आणि वेगही घटतो. पुश तो फॉगच आणखी वाढवतो. अशा रोलला प्रकाश जास्त द्या आणि धुण्याची वेळ नेहमीचीच ठेवा.

माझ्या कॅमेऱ्यावर आयएसओ बदलायची सोयच नाही.

छोटे स्वयंचलित कॅमेरे कॅसेटवरच्या रुपेरी-काळ्या चौकटी वाचतात. या डीएक्स कोडची पद्धत १९८३पासूनची. त्या चौकटींवर दुसऱ्या वेगाचा तयार स्टिकर चिकटवला की कॅमेरा तोच वेग मानतो. आधी आपला कॅमेरा १६०० वाचतो का ते तपासा, पुष्कळांची मजल तिथवर जात नाही.

स्कॅन करून संगणकावर उजळवता येतं, मग पुश कशाला?

एका स्टॉपपुरतं हे म्हणणं मला पटतं. दोन स्टॉप कमी प्रकाशाची निगेटिव्ह नेहमीच्या वेळेत धुतली तर मात्र ती इतकी पातळ येते की सगळ्या छटा एका अरुंद पट्टीत दाटतात. संगणकावर ती पट्टी ताणली की ग्रेनसोबत स्कॅनरचा गोंगाट, धूळ, ओरखडेही ताणले जातात. टँकमध्येच घनता आणली तर स्कॅनरला पकडायला काहीतरी मिळतं. डार्करूममध्ये प्रिंट काढणाऱ्यासाठी तर हा प्रश्नच नाही. अति पातळ निगेटिव्हला सर्वांत कडक कागदही पुरत नाही.

ट्रायपॉड असेल तर रात्री पुश करावा का?

दृश्य स्थिर असेल तर नको. शटर लांबवा आणि सावल्या मिळवा. फक्त लक्षात ठेवा, की एक सेकंदाच्या पुढे फिल्म प्रकाशाला पूर्ण दाद देत नाही, त्यामुळे मीटर सांगतो त्याहून जास्त वेळ लागतो. किती जास्त, ते फिल्मच्या माहितीपत्रकात असतं. हे न करता वर पुशही केला तर कमी प्रकाशात आणखी कमी प्रकाशाची भर पडते.

विमानतळावरचं एक्स-रे यंत्र?

जी फिल्म पुश होणार आहे तिला जलद फिल्मच समजा आणि हाताने तपासायची विनंती करा. एक्स-रेने चढलेला फॉगही डेव्हलपिंगने वाढतो. नवी सीटी पद्धतीची यंत्रं कुठल्याच फिल्मसाठी सुरक्षित नाहीत.

लॅबला काय सांगायचं?

स्टॉपमध्ये सांगा: "दोन स्टॉप पुश." नुसतं "१६००" म्हटलं तर तो फिल्मचा वेग की तुमचा ईआय, हे समोरच्याला कळत नाही. हेच कॅसेटवर न पुसणाऱ्या शाईने लिहा, रोल कॅमेऱ्यातून काढताक्षणी. माझा एका समारंभाचा रोल एका लॅबमध्ये नेहमीच्या वेळेत धुतला गेला होता. सूचना पाकिटावर होती, कॅसेटवर नव्हती, आणि पाकीट वेगळं झालं. त्या रोलमधले आजोबांचे फोटो अजूनही कसेबसेच दिसतात. तेव्हापासून मी कॅसेटवर लिहितो, आणि कृष्णधवल पुश तर घरीच करतो.

निगेटिव्ह पातळ आली. प्रकाश कमी पडला की डेव्हलपिंग कमी झालं, हे कसं ओळखायचं?

फिल्मच्या काठावरची अक्षरं पाहा. फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात, त्यांच्यावर तुमच्या मीटरचा काही परिणाम होत नाही. ती अक्षरं ठळक काळी असतील आणि चित्रं पातळ, तर धुणं ठीक होतं, प्रकाश कमी पडला. अक्षरंही फिकी असतील तर डेव्हलपर थकलेला, थंड किंवा वेळेला कमी पडला.

मग चित्राकडे या. सावल्या कोऱ्या काचेसारख्या आणि उजळ भाग घट्ट काळे असतील, तर पुश जरुरीपेक्षा जास्त झाला. पुढच्या रोलला वेळ १० टक्के कमी करा. सावल्यांत तपशील आहे पण उजळ भाग करडेच राहिलेत, तर वेळ तितकीच वाढवा.

हे आपल्याच टँकवर, आपल्याच थर्मामीटरवर एकदा बसवून घ्यायचं असेल तर एक रोल त्यासाठी राखून ठेवा. एकच दृश्य, ज्यात गडद कापड, माणसाचा चेहरा आणि पांढरा कागद आहे, ते १६०० ईआयला संपूर्ण रोलभर काढा. अंधारात रोलचे अंदाजाने तीन तुकडे करा. पहिला तक्त्यातल्या वेळेला धुवा, दुसरा दीड मिनिट कमी, तिसरा दीड मिनिट जास्त. वाळल्यावर तिन्ही खिडकीच्या काचेला शेजारी शेजारी धरा. कापड तिन्हींवर जवळपास सारखंच दिसेल, कागद मात्र तिन्हींवर वेगळा. ज्या तुकड्यात कागद (निगेटिव्हवर तो काळा दिसतो) घट्ट असूनही त्याच्या घड्या दिसतात, ती तुमची वेळ. ती वहीत लिहून ठेवा.